कोल्हापूरची केएसए फुटबॉल लीग

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था दरवर्षी शहरातल्या संघांची साखळी स्पर्धा भरवते, तिलाच सगळे केएसए लीग म्हणतात. स्पर्धा हौशी आहे, मॅचेस छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात, सीझन साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि पुढं नॉकआउट (हरला की बाहेर) स्पर्धा धरून उन्हाळा संपेपर्यंत चालतो. महाराष्ट्रात मुंबई सोडली तर फुटबॉलसाठी एवढी गर्दी दुसरीकडं कुठं क्वचितच दिसेल, आणि ही गर्दी टीव्हीवरच्या स्टार खेळाडूंना बघायला आलेली नसते, ती आपल्या गल्लीतल्या पोराला बघायला आलेली असते. ही लीग समजून घ्यायची तर आधी तालीम समजून घ्यावी लागते, कारण इथं फुटबॉल क्लब नावाची वेगळी गोष्ट नंतर आली, आधी तालीम होती.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, जोर-बैठका, पहाटेची मेहनत. राजर्षी शाहू महाराजांनी (राज्यकाळ १८९४ ते १९२२) कुस्तीला जो आश्रय दिला त्यामुळं कोल्हापुरात पेठापेठांत तालमी भरभराटीला आल्या, आणि १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पण तालमीचं काम कुस्तीपुरतं कधीच नव्हतं. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, कुणाच्या घरात मयत झाली तर धावून जाणारी पोरं तालमीची, दोन घरांत भांडण झालं तर मिटवायला बसणारी जाणती माणसंपण तालमीच्याच कट्ट्यावरची. अशा जागेत जेव्हा फुटबॉल आला तेव्हा संघ आपोआप तालमीच्या नावानं उभे राहिले आणि मॅच अकरा जणांची न राहता अख्ख्या पेठेची झाली.

शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात या खेळाला दरबारचं पाठबळ मिळालं. १९४० साली केएसएची स्थापना झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये राजाराम महाराजांचं निधन झालं, म्हणजे संस्था उभी राहिली आणि तिचा आधार लगेच गेला, तरी ती टिकली, ही मला या सगळ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. पुढं संस्थान विलीन झालं, राज्य गेलं, पण छत्रपती घराण्याचा फुटबॉलशी संबंध काही तुटला नाही. आजचे शाहू छत्रपती हे केएसएचे पेट्रन इन चीफ, म्हणजे मुख्य आश्रयदाते, आणि त्यांचे चिरंजीव मालोजीराजे छत्रपती यांनी केएसएचं अध्यक्षपद सांभाळलंय, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमध्येही काम केलंय. ही वेस्टर्न इंडिया असोसिएशन, म्हणजे विफा, १९११ पासूनची आणि महाराष्ट्राच्या फुटबॉलची मुख्य संघटना, कोल्हापूरचा कारभार तिच्याच छत्राखाली येतो.

संघांची नावं

नुसती संघांची नावं वाचली तरी शहराचा नकाशा डोळ्यापुढं येतो. पाटाकडील तालीम मंडळ (पीटीएम), खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, झुंजार क्लब, शिवाय कोल्हापूर पोलीसांचा संघ. पाटाकडील म्हणजे पाण्याच्या पाटाकडची, इतका साधा अर्थ आहे. खंडोबा आणि उत्तरेश्वर ही देवळांवरून आलेली नावं, संध्यामठ म्हणजे रंकाळ्यातला तो दगडी मठ जो तळ्याचं पाणी उतरलं की पूर्ण दिसतो. फुलेवाडी हे नाव आलं की कळतं की खेळ जुन्या पेठांच्या बाहेर पसरला, गगनबावड्याच्या रस्त्याला गेला. आणि प्रॅक्टिस क्लब या नावात संस्थानी काळातल्या इंग्रजी शिकलेल्या पोरांची हौस अजून ऐकू येते असं मला तरी वाटतं.

यात सगळ्यात जुनी ईर्ष्या मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची. पाटाकडील मंगळवार पेठेतली, खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेतले, त्यामुळं पीटीएम विरुद्ध खंडोबा किंवा पीटीएम विरुद्ध शिवाजी असा सामना लागला की आठवडाभर आधी चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. ईर्ष्या हा शब्द कोल्हापुरात वाईट अर्थानं घेत नाहीत हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवावं. ईर्ष्येनं खेळला म्हणजे जीव तोडून खेळला. आणि ही ईर्ष्या घराघरांत शिरलेली असते, माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं अशी कितीतरी घरं आहेत, तिथं मॅचच्या संध्याकाळी जेवण शांततेत होत नाही.

लीग चालते कशी

वरच्या पातळीवर सोळा संघ असतात आणि त्यांचे दोन गट पाडतात, वरचा सुपर सीनियर आठ आणि खालचा सीनियर आठ. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या बाकीच्या संघांशी खेळतो, जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. त्याच्याखाली आणखी गट आहेत, तिथले लहान संघ वर यायला धडपडत असतात. लीग आटोपली की नॉकआउट चषकांचा मोसम येतो: राजेश चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक, नेताजी चषक, महापौर चषक अशी नावं वेगवेगळ्या वर्षी ऐकू आलेली आहेत, यातले काही सलग होतात, काही मध्येच बंद पडतात, सगळं आयोजक कोण आणि पैसा कुठून येतो यावर. बक्षिसाची रक्कम आणि टायब्रेकरचा थरार या दोन्हींमुळं चषकांना गर्दी जास्त होते हे खरं, पण जुन्या माणसाला विचारा, तो लीगलाच मान देतो. चषक एखादा चांगला आठवडा गेला तरी हाताला लागतो, लीगला अख्खा सीझन दम लागतो.

सीझनच्या आधी खेळाडू नोंदणी असते आणि ती स्वतःच एक स्पर्धा आहे. कोण कुठल्या संघाकडून सही करणार, कोणाला कोणी फोडलं, कोण मूळ तालमीत परत आला, याच्या बातम्या स्थानिक पेपरांत रकानेच्या रकाने भरून येतात. एखाद्या पोरानं आपली तालीम सोडून दुसऱ्या पेठेकडून सही केली तर ते पटकन विसरलं जात नाही, पुढं त्याच मैदानावर जुन्या तालमीविरुद्ध उतरल्यावर पहिल्या टचपासून स्टँडमधून त्याला ऐकावं लागतं.

हौशी म्हणजे काय तर या खेळातले बहुतेक स्थानिक खेळाडू पोटासाठी दुसरं काहीतरी करतात. कोणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, कोणी दुकान सांभाळतो, कोणी अजून कॉलेजात. सकाळी सहाला गांधी मैदानावर किंवा पोलो ग्राउंडवर प्रॅक्टिस, तिथून घरी, डबा घेऊन ड्युटीवर, आणि मॅचच्या दिवशी साहेबाला काहीतरी सांगून अर्धी सुट्टी. गांधी मैदान पावसाळ्यात तळं होतं, पाणी ओसरायला दिवसेंदिवस लागतात आणि नंतर महिनाभर तिथं चिखलाचे वाळलेले ढेपसे पायाखाली येतात, त्यावर बॉल कसा उसळेल याचा नेम नसतो, तरी पोरं तिथंच खेळतात कारण शहरात मोकळं मैदान उरलंयच किती.

मॅचचा दिवस

शाहू स्टेडियम खासबागेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, रावणेश्वराचं देऊळही तिथंच. एका दिवशी बहुधा दोन मॅचेस, पहिली दुपारी, दुसरी चारच्या सुमाराला, आणि मोठा सामना अर्थातच चारचा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या मॅचला सिमेंटच्या पायऱ्या एवढ्या तापलेल्या असतात की खाली पेपर किंवा टॉवेल घातल्याशिवाय बसता येत नाही, डोक्यावर रुमाल, हातात भडंगाची पुडी नाहीतर शेंगदाणे. चारच्या आधी पेठेकडून मोटरसायकलींची रांग येते, झेंडे, हलगी आणि कैताळाचा (झांजेसारखं वाद्य) आवाज लांबूनच येतो आणि तो कुठल्या बाजूनं येतोय त्यावरून कोणाचे समर्थक आले ते आत बसलेल्यांना न बघताच कळतं. प्रत्येक संघाच्या लोकांची बसायची बाजू ठरलेली असते. नवखा माणूस चुकून दुसऱ्यांच्या बाजूला बसला तर त्याला पहिल्या गोलपर्यंतच शांत राहता येतं.

पुढच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं असतात, त्यातले काही स्वतः एकेकाळी खेळलेले, ती मंडळी फारशी ओरडत नाहीत. हाफबॅकनं बॉल उगाच उडवला की नुसतं च्च करतात, आणि कोणी पोरानं दोघांना चकवून जमिनीलगत पास काढला तर शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतात. मला या लीगमधलं सगळ्यात आवडतं दृश्य तेच आहे. जिंकल्यावर गुलाल, खेळाडू खांद्यावर, आणि पेठेपर्यंत मिरवणूक. हरलेल्या पेठेत मात्र त्या रात्री कट्टे लवकर रिकामे होतात.

याच गर्दीची दुसरी बाजूपण लिहायलाच हवी. हाणामारी, दगडफेक, मैदानात बाटल्या, मॅच संपल्यावर रस्त्यावर गाड्यांची मोडतोड हे कोल्हापूरच्या फुटबॉलला लागलेलं जुनं दुखणं आहे. पंचाच्या एका निर्णयावरून पेठा समोरासमोर आलेल्या आहेत, पोलीस बंदोबस्त वाढवायला लागलाय, स्पर्धा मध्येच थांबवायची वेळपण आलेली आहे. केएसएनं खेळाडूंवर बंदी, संघांवर कारवाई असे उपाय केले आणि प्रत्येक वेळी काही दिवस फरक पडला. दगड मारणारा मॅच बघायला आलेलाच नसतो असं म्हणून आपण विषय झटकतो पण ते पूर्ण खरं नाही, तालमीची आपुलकी आणि तालमीचा राग एकाच ठिकाणाहून येतात, आणि ते आवरायचं काम पोलिसांपेक्षा तालमीतल्या जाणत्या माणसांनाच जास्त जमतं. जिथं त्यांनी पोरांना बसवून समज दिली तिथं सीझन नीट पार पडलाय. अलीकडं बायका-मुलींसाठी बसायची वेगळी सोय होते, हा चांगला बदल, आधी फुटबॉलवेड्या घरातल्या मुलींना स्कोअर फोनवर विचारावा लागायचा.

पैसा आणि बाहेरचे खेळाडू

गेल्या काही वर्षांत चषकांची बक्षिसं वाढली, राजकारण्यांनी आणि उद्योजकांनी संघांना हात दिला, आणि बाहेरून खेळाडू आणायची पद्धत पडली. आधी गोवा, मुंबई, बंगालकडचे, मग थेट आफ्रिकेतले, नायजेरिया-घानाचे धिप्पाड फॉरवर्ड शाहू स्टेडियमवर दिसू लागले आणि पेठेनं त्यांना आपलंसं करून घेतलं, मिसळ खायला घातली, तांबडा-पांढरा रस्सा खायला घातला. खेळ वेगवान झाला यात वाद नाही. पण त्यांच्यामुळं स्थानिक पोराला बाकावर बसावं लागतं ही तक्रारही तेवढीच खरी आहे, म्हणून बाहेरचे किती खेळवायचे यावर केएसएला मर्यादा घालावी लागली आणि दर सीझनला नोंदणीच्या वेळी हा वाद नव्यानं निघतो. माझं मत स्पष्ट आहे, मर्यादा असलीच पाहिजे आणि ती कडक पाळली पाहिजे, कारण बाहेरच्यांच्या जिवावर जिंकलेल्या चषकानं तालमीतल्या चौदा वर्षांच्या पोराला काही मिळत नाही.

त्या पोरांसाठी मोठा आधार शाळांचा. महाराष्ट्र हायस्कूल हे शालेय फुटबॉलमधलं मोठं नाव, इथून कितीतरी खेळाडू तालमींच्या संघांत गेले. तरीही वर जायचं तर बहुतेकांना कोल्हापूर सोडावं लागतं. अनिकेत जाधवचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा, लहान वयातच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत (सरकारी निवासी क्रीडा शाळेत) गेला, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळला, त्यानंतर इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर आणि हैदराबादकडून. दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारताची पहिली मॅच होती त्या रात्री कोल्हापुरातल्या गल्ल्यांत स्क्रीन लावलेले होते. निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागान क्लबपर्यंत गेला. नावं एवढीच का, हा प्रश्न इथल्या प्रत्येक फुटबॉलवाल्याला टोचतो. उत्तर अवघड नाही: पेठेच्या इज्जतीसाठी आपण सीनियर संघावर जेवढा खर्च करतो त्याचा छोटा हिस्साही बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या कोचिंगवर, आहारावर, बुटांवर होत नाही. पेठेत हिरो झालेला विशीतला खेळाडू मग बाहेर ट्रायलला जायला कचरतो, इथं त्याला सगळे ओळखतात, तिथं शून्यातून सुरुवात.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं स्टेडियम बंद झालं आणि सीझन अर्ध्यावर राहिला, काही पोरं कामाधंद्याला लागली ती परत बुटात आलीच नाहीत. मॅचेस पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मात्र गर्दी पहिल्यासारखीच होती, आणि ज्यांना येता येत नाही ते आता मोबाईलवर लाइव्ह बघतात, पुण्यात, दुबईत, जिथं नोकरी असेल तिथं.

मुलींचा फुटबॉल या सगळ्यात मागून आला पण नीट आला. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला, २०१८-१९ ला लुधियानात खेळला आणि २०१९-२० ला बंगळुरूत. तालमींच्या स्वतःच्या मुलींच्या टीम अजून हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, पण सकाळी ग्राउंडवर गेलं तर मुलांच्या शेजारी कोन मांडून ड्रिबलिंग करणाऱ्या मुली दिसतात, आणि आठवीतल्या एखादीच्या जर्सीच्या पाठीवर तिच्या वडिलांच्या तालमीचंच नाव असतं.