थकीत कर्जाची तडजोड : सूत्राकडून घासाघिशीकडे

थकलेल्या वैयक्तिक कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या वसुलीसाठी एजन्सीचा माणूस फोन करतो आणि एकूण येण्यापैकी अमुक इतकी रक्कम एकदम भरल्यास खाते मिटवून देऊ असे सांगतो. ती रक्कम कशाच्या आधारे ठरली, हे कर्जदाराला बहुधा कळत नाही. गेल्या दोन दशकांत वसुली करणाऱ्याने कसे वागावे याचे नियम कडक होत गेले, तर किती रकमेवर तडजोड व्हावी याचे नियम सैल होत गेले. आजच्या वाटाघाटींतील बहुतेक अडचणी या विसंगतीतून निर्माण झाल्या आहेत.

सावकारी कर्जाच्या बाबतीत कायद्याची दिशा पूर्वी वेगळी होती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून पेटलेल्या, सावकारांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला खात्याच्या मुळापर्यंत जाऊन व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि दाव्याआधी समेट घडवणाऱ्या त्रयस्थाची सोय केली. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही हे दामदुपटीचे तत्त्व महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही आहे. बँकांची कर्जे मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेल्या कलम २१-अ नुसार, व्याजदर अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे बँकेच्या कर्जदाराला दिलासा मिळवण्याचा मुख्य मार्ग बँकेशी तडजोड हाच उरला.

ही तडजोड काही काळ सूत्राने होत असे. रिझर्व्ह बँकेने जुलै २००० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी पाच कोटी रुपयांपर्यंतच्या जुन्या बुडीत खात्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि खाते संशयित (वसुलीची खात्री नसलेल्या) वर्गात गेले त्या दिवशीची बाकी ही किमान तडजोड रक्कम धरली. जानेवारी २००३ मध्ये ही मर्यादा दहा कोटींवर नेताना किमान २५ टक्के रक्कम आधी आणि उरलेली वर्षभरात व्याजासह भरण्याची मुभा दिली. २००५ मध्ये लघु व मध्यम उद्योगांसाठी अशीच योजना आली. अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव नसावा आणि दोन कर्जदारांत भेदभाव होऊ नये, हा या योजनांचा गाभा होता. खासगी बँकांची कार्डे आणि वैयक्तिक कर्जे याच वर्षांत झपाट्याने वाढत होती, पण ही सूत्रे त्यांना लागू नव्हती, ही या योजनांची मोठी उणीव.

खरा वाद पुढे न्यायालयात उभा राहिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रिझर्व्ह बँकेची एकरकमी तडजोडीची मार्गदर्शक तत्त्वे बँकांवर बंधनकारक आहेत आणि संचालक मंडळाला त्यांपासून दूर जाता येणार नाही, असे सांगितले. १५ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने बिजनोरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात, तडजोडीच्या योजनेचा लाभ कर्जदाराला हक्क म्हणून मागता येणार नाही आणि उच्च न्यायालयानेही बँकेला तसा आदेश देऊ नये, असा निर्णय दिला. या प्रकरणात मालमत्ता गहाण होती आणि तिच्या लिलावातून पूर्ण वसुली होणे शक्य होते. फेडण्याची ऐपत असूनही सवलतीची वाट पाहणाऱ्याला अभय मिळू नये, ही न्यायालयाची चिंता अशा कर्जापुरती रास्तच म्हणावी लागेल. परंतु निर्णय बँकेच्या व्यावसायिक शहाणपणावर सोडावा, हे त्यातले सर्वसाधारण विधान तारण नसलेल्या छोट्या कर्जदारालाही लागू केले की त्याच्या बाजूला काहीच उरत नाही. नोकरी गेलेला किंवा आजारपणात खचलेला माणूस आणि लबाड थकबाकीदार यांच्यात फरक करण्याचे काम मग सर्वस्वी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या हाती जाते.

रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने हीच दिशा पक्की केली. प्रत्येक संस्थेने संचालक मंडळाच्या मंजुरीने स्वतःचे तडजोड धोरण करावे, कर्ज मंजूर करणाऱ्याने स्वतः तडजोड मंजूर करू नये, तडजोडीनंतर किमान बारा महिने त्या कर्जदाराला नवे कर्ज देऊ नये (शेतीकर्जे वगळून), आणि रक्कम भरण्यास तीन महिन्यांहून अधिक अवधी दिल्यास ती तडजोड न मानता कर्जाची पुनर्रचना (म्हणजे परतफेडीच्या अटी बदलणे) समजावी, अशा तरतुदी त्यात होत्या. हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही फौजदारी कारवाईला बाधा न आणता तडजोड करण्याची मुभा दिल्यामुळे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला आणि चर्चा जवळजवळ पूर्णपणे त्या मुद्द्यावर झाली. संस्थेचे धोरण कर्जदाराला दाखवण्याचे बंधन परिपत्रकात नव्हते, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष वेधले नाही. सामान्य कर्जदाराच्या दृष्टीने तोच त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता.

एजन्सींच्या वर्तनाबाबतचे नियम या तुलनेत स्पष्ट आहेत. वसुलीसाठी गुंडांचा वापर करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. एप्रिल २००८ च्या परिपत्रकाने एजंटांना प्रशिक्षण आणि ओळखपत्रासोबत अधिकारपत्र बाळगणे आवश्यक केले, तसेच एजन्सीचा तपशील कर्जदाराला आधी कळवण्याचे बंधन बँकेवर घातले. ऑगस्ट २०२२ मध्ये थकबाकीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई झाली. एजंटाने सांगितलेली सवलत मंजूर करण्याचा अधिकार मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेचाच असतो, किंवा २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार (थकीत कर्जांच्या वसुलीविषयीचा कायदा) कर्ज विकले गेले असल्यास ते विकत घेणाऱ्या कंपनीचा. त्यामुळे फोनवरचा होकार संस्थेच्या तडजोडपत्राची जागा घेऊ शकत नाही. मुदत कायद्यानुसार अशा कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मर्यादा असते. ती संपण्याआधी कर्जदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली किंवा त्याच्या सहीने नोंदलेला अंशतः भरणा झाला, तर ती तीन वर्षे नव्याने मोजली जातात. तडजोडपत्र हाती येण्यापूर्वी ‘थोडेसे तरी भरून ठेवा’ असा आग्रह होतो, तेव्हा त्या छोट्या रकमेचा कायदेशीर परिणाम काय होऊ शकतो हे कर्जदाराला सहसा कोणी सांगत नाही.