कन्सोलची पुढची पिढी नेमकी कशासाठी?

सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन 4 नोव्हेंबर 2013 मध्ये आला आणि प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2020 मध्ये. भारतात तो फेब्रुवारी 2021 मध्ये पोचला. सात वर्षांचा हा हिशोब पुढे नेला की 2027 येतं. म्हणूनच छत्रपती संभाजीनगर असो की लातूर, कन्सोल घ्यायला निघालेला माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो: आता घ्यावा की नवा येईपर्यंत थांबावं? याचं उत्तर कॅलेंडरपेक्षा यंत्राच्या आत शोधलेलं बरं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या यंत्रातली एखादी अडचण गेम बनवणाऱ्याचे हात बांधून ठेवते, तेव्हा नवी पिढी लागते. नुसतं चित्र आणखी रेखीव दिसावं यासाठी ती लागत नाही.

चित्राचा प्रश्न पटकन सुटतो. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा बारीक फरक ओळखतो. 43 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 95 सेंटिमीटर असते. फुल एचडीमध्ये त्यावर आडवे 1920 ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका जवळपास अर्धा मिलिमीटर. गणित केलं तर 1.7 मीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडे हे ठिपके डोळ्याला वेगवेगळे दिसेनासे होतात. आपल्याकडे हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यात सात-आठ फूट तरी असतातच. तेवढ्या अंतरावरून त्या टीव्हीवर फोरकेचे 82.9 लाख ठिपके आणि फुल एचडीचे 20.7 लाख ठिपके यांतला फरक नगण्य होतो. मोठ्या टीव्हीसमोर जवळ बसणाऱ्यांना फोरकेचा फायदा मिळतो. पण तो देणारं यंत्र बाजारात आलेलं आहे.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. प्लेस्टेशन 4 मध्ये मिनिटाला 5400 फेरे घेणारी हार्ड डिस्क होती. ती सलग वाचताना सेकंदाला 50 ते 100 मेगाबाइट देत असे, पण माहिती डिस्कवर विखुरलेली असेल तर वाचणारी सुई प्रत्येक वेळी जागा बदलते आणि त्यात 15 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. सेकंदाला 30 चित्रं दाखवायची तर एका चित्राला 33 मिलिसेकंद मिळतात. म्हणजे एका चित्राच्या वेळात जेमतेम दोन उड्या! यावर उपाय म्हणून गेम बनवणारे एकच झाड, एकच दिवा, एकच भिंत डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहून ठेवत, म्हणजे सुईला लांब जावं लागणार नाही. गेम फुगायचे ते यामुळे. हेलडायव्हर्स 2 या गेमच्या संगणकावरच्या आवृत्तीतून 2025 च्या शेवटी अशा नकला काढल्या, तेव्हा तो 154 गीगाबाइटवरून 23 गीगाबाइटवर आला.

नकलांहून मोठी किंमत गेमच्या रचनेला मोजावी लागत होती. खेळाडू किती वेगाने धावेल, यावर डिस्कची मर्यादा होती. लांबलचक लिफ्ट, अरुंद बोळ, हळूहळू उघडणारं दार या गोष्टी बऱ्याचदा गोष्टीची गरज म्हणून नसत. त्यांच्या आडून पुढचा भाग मेमरीत भरला जात असे. प्लेस्टेशन 5 ची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, सेकंदाला 5.5 गीगाबाइट वाचते आणि जागा वाचवायला दाबून ठेवलेली माहिती उलगडून 8 ते 9 गीगाबाइट देते. ही अडचण अशी मुळापासून गेली, म्हणून 2020 सालच्या बदलाला पिढी म्हणायचं.

यातली खरी करामत एसएसडीपुरती नाही, आणि ते जुन्या यंत्रावर पडताळता येतं. प्लेस्टेशन 4 मध्ये अडीच इंची, 9.5 मिलिमीटरपर्यंत जाडीची साटा एसएसडी बसते. आधी सेव्ह केलेले गेम पेनड्राइव्हवर घ्या. मग संगणकावर सोनीच्या संकेतस्थळावरून सिस्टिम सॉफ्टवेअरची पुनर्स्थापनेची पूर्ण फाइल उतरवा. अपडेटची फाइल आकाराने लहान असते आणि कोऱ्या डिस्कवर ती चालत नाही. बहुतेकांचं काम इथेच अडतं. पेनड्राइव्हवर पीएस4 नावाचं फोल्डर, त्यात अपडेट नावाचं फोल्डर, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि त्यात ती फाइल ठेवा. डिस्क बदलून झाली की पॉवरचं बटण दाबून धरा. पहिला बीप लगेच वाजतो, दुसरा सातेक सेकंदांनी. दुसऱ्या बीपनंतर बोट उचललं की सेफ मोड येतो. कंट्रोलर तारेने जोडा आणि सातवा पर्याय, म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याचा, निवडा.

एवढं केल्यावर गेम लवकर उघडतात, पण डिस्क जितक्या पटीने वेगवान झाली त्या पटीने नाही. कारण डिस्कवरची माहिती दाबलेली असते आणि ती उलगडण्याचं काम 1.6 गीगाहर्ट्झच्या अशक्त प्रोसेसरवर पडतं. नळ मोठा केला तरी गाळणी जुनीच राहते. प्लेस्टेशन 5 मध्ये उलगडण्यासाठी वेगळं सर्किट आहे. त्याचे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च 2020 मध्ये सांगितलं होतं, की हे काम प्रोसेसरकडून करून घ्यायचं तर त्याचे नऊ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) लागतील. त्या कन्सोलमध्ये कोअरच मुळात आठ आहेत.

मग आज हात कशाने बांधलेत? आमच्या मते सर्वांत आधी मेमरीने. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी 2 मेगाबाइट होती, दुसऱ्याची 32, तिसऱ्याची दोन भाग मिळून 512 मेगाबाइट, चौथ्याची 8 गीगाबाइट. दर वेळी सोळापट. पाचव्यात 16 गीगाबाइट, म्हणजे फक्त दुप्पट. 2024 च्या शेवटी आलेल्या प्लेस्टेशन 5 प्रोमध्येही वेगवान मेमरी 16 गीगाबाइटच आहे. सोबत सिस्टिमच्या कामांसाठी 2 गीगाबाइट साधी मेमरी दिली आहे. एसएसडी माहिती भराभर आणून देते हे खरं, पण एका क्षणी जगातल्या किती वस्तू, किती पात्रं आणि त्यांच्या किती आठवणी जिवंत ठेवायच्या, हे मेमरीच ठरवते.

दुसरी अडचण प्रकाशाची. रे ट्रेसिंगमध्ये प्रकाशाचे किरण गणिताने मागे मागे शोधत जातात. फोरकेच्या प्रत्येक ठिपक्याला एकच किरण आणि सेकंदाला 60 चित्रं धरली, तरी सेकंदाला जवळपास 50 कोटी किरण होतात. भिंतीवरून उडालेला मऊ उजेड खरा वाटावा, तर एका किरणाने भागत नाही. शिवाय शेजारचे दोन किरण दृश्यातल्या दोन वेगळ्या टोकांना जाऊन आदळतात, त्यामुळे चिपला मेमरीत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. गणिताची ताकद रिकामी बसते आणि माहितीची वाट बघते. ही अडचण सुटली तर गेम बनवणाऱ्यांना हाताने दिवे मांडत बसावं लागणार नाही. भिंत पाडली की उजेड आपोआप बदलेल. असं जग खेळायला मिळावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रोसेसरची अडचणही आहे, पण ती मोजक्या गेमना जाणवते. गर्दीने भरलेलं शहर चालवणाऱ्या गेममध्ये प्रोसेसर थकला, तर चित्राचा आकार कमी करूनही वेग वाढत नाही.

अडचणी आहेत, मग नवी पिढी लगेच का येत नाही? कारण पूर्वीचा सोपा मार्ग बंद झालाय. चिपवरचे भाग लहान होत गेले की तीच चिप स्वस्त पडायची, म्हणून प्लेस्टेशन 4 ची अमेरिकेतली किंमत तीन वर्षांत 399 डॉलरवरून 299 वर आली. प्लेस्टेशन 5 ची उलट 499 वरून ऑगस्ट 2025 मध्ये 549.99 डॉलर झाली. आपल्याकडे डिस्कवाला कन्सोल 49,990 रुपयांना आला आणि पुढे 54,990 झाला. चिपमधली झटपट मेमरी आता पूर्वीच्या वेगाने लहान होत नाही. तैवानच्या टीएसएमसीच्या 5 नॅनोमीटर प्रक्रियेत तिची एक पेशी 0.021 चौरस मायक्रोमीटर होती, 3 नॅनोमीटरच्या रुळलेल्या आवृत्तीतही तेवढीच आहे. त्यात 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलला आणि भाव चढले. नव्या पिढीला नेमकी मेमरीच जास्त हवी, आणि नेमकी तीच महाग झाली.

मराठवाड्यात याला उष्णतेची जोड आहे. प्लेस्टेशन 5 मोठ्या गेममध्ये 200 वॅटच्या आसपास वीज खातो आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीत येते. वापराच्या पुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा 5 ते 35 अंश सेल्सिअस दिली आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असतात आणि पत्र्याखालची खोली संध्याकाळीही 35 च्या खाली येत नाही. या कन्सोलची एक खुबी अशी, की त्याचा वेग तापमान बघून कमी होत नाही. कोणतं काम चाललंय आणि त्याला किती वीज लागते, यावर वेग ठरतो. म्हणून थंड देशातला आणि हिंगोलीतला कन्सोल सारखीच चित्रं काढतात. हिंगोलीतल्याचा पंखा जास्त ओरडतो, आणि मर्यादा ओलांडली की सूचना देऊन यंत्र बंद पडतं.

त्यामुळे कन्सोल बंद शोकेसमध्ये ठेवू नका, भिंतीपासून 10 सेंटिमीटर तरी दूर ठेवा. कूलरने खोली गार होते ते चांगलंच, पण कन्सोल कूलरच्या थेट झोतात नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत जाऊन क्षार साचतात. बाजूची पाटी काढली की धूळ साठण्यासाठी केलेली दोन भोकं दिसतात. कापसाच्या हंगामात ती महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करा.

लाईट जाण्याचा त्रास वेगळा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर फाइली बिघडू शकतात आणि सेफ मोडमध्ये जाऊन डेटाबेस पुन्हा बांधावा लागू शकतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लहरीवर पॉवर सप्लाय गुणगुणतो, कधी बंदही पडतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा, नाहीतर बॅटरीवर जाण्याच्या क्षणी कन्सोल रिस्टार्ट होतो. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज जरा उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. गावात व्होल्टेज कायम कमी असेल तर आधी स्टॅबिलायझर लावा. कन्सोल, टीव्ही आणि राउटर मिळून 300 वॅट धरले, तर 150 अँपिअर-अवरची चांगली बॅटरी तीनेक तास खेचते.

आज घ्यायचाच असेल तर साधा प्लेस्टेशन 5 पुरेसा आहे, थांबण्यासारखं काही नाही. पहिल्या मॉडेलमध्ये 825 पैकी 667 गीगाबाइटच वापरायला मिळतात, म्हणून पुढे एम.2 एसएसडी, म्हणजे कन्सोलच्या आत बसणारी छोटी पट्टी, घालावी लागेल. ती चौथ्या पिढीच्या पीसीआयईची, वाचनाचा वेग 5500 मेगाबाइट किंवा जास्त, हीटसिंकसकट उंची 11.25 मिलिमीटरच्या आत. यूएसबीच्या ड्राइव्हवर प्लेस्टेशन 5 चे गेम नुसते साठवता येतात, तिथून चालत नाहीत. पैसे त्यात घालू नका.

ऑक्टोबर 2025 मध्ये सोनी आणि तिच्या कन्सोलच्या चिपवर काम करणारी एएमडी यांनी पुढच्या चिपसाठी चाललेल्या कामाची झलक दाखवली. किरण शोधणारं स्वतंत्र सर्किट, आणि चिपमधून जाणारी सगळीच माहिती दाबून पाठवण्याची सोय, म्हणजे मेमरीवरचा ताण कमी. दिशा बरोबर आहे. प्रत्यक्ष घोषणा होईल तेव्हा टेराफ्लॉप्सचा, म्हणजे गणिताच्या वेगाचा, आकडा मोठ्या अक्षरांत असेल, पण आधी मेमरी बघा. ती 24 गीगाबाइटच्या खाली असेल, तर आमच्या लेखी ती पिढी नाही, आजच्याच कन्सोलची सुधारित आवृत्ती आहे. मग सेकंदाला किती किरण शोधता येतात ते बघा, आणि तिसरा आकडा वॅटचा. 160 वॅटमध्ये आजच्या प्रोएवढं काम करणारा कन्सोल निघाला, तर 300 वॅटच्या दुप्पट ताकदवान कन्सोलपेक्षा तो परभणीच्या मे महिन्यात जास्त तास चालेल.