गोव्यातील वीज कामगार चळवळ

गोव्यातील वीज कामगार चळवळ : विजेचे वहन, वितरण आणि वायरिंग या कामांत राबणाऱ्या कामगारांनी रास्त वेतन, सुरक्षित काम आणि नोकरीची शाश्वती यांसाठी संघटितपणे चालविलेले प्रयत्न. गोव्याला लागणारी वीज बहुतांशी राज्याबाहेरच्या केंद्रीय प्रकल्पांतून येते. त्यामुळे येथील चळवळ वीजनिर्मिती केंद्रांतील कामगारांची नसून लाइनमन, वायरमन, लाइन हेल्पर, उपकेंद्रातील ऑपरेटर आणि मीटर रीडर यांची आहे. शेजारच्या महाराष्ट्रात वीज मंडळाचे २००५ साली कंपन्यांत विभाजन झाले, गोव्यात मात्र वितरणाचे काम आजही राज्य सरकारच्या वीज खात्याकडे आहे. या एका गोष्टीमुळे येथील चळवळीला वेगळे वळण लागले. वेतनाचा दर किती असावा, या प्रश्नापेक्षा राबणाऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न येथे पुढे आला आणि अजून तोच मुळाशी आहे.

उगम : चळवळीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन प्रकारे मांडणी करता येते. पहिल्या मांडणीनुसार तिची मुळे मुंबईत आहेत. गोव्यातून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसे जहाजांवर, गिरण्यांत आणि नगराच्या सेवांमध्ये कामाला लागली. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच झाली, आणि शहराला वीज व ट्राम पुरविणारी कंपनी १९०५ पासून तेथे होती; ती ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या ताब्यात आली. संघटना म्हणजे काय, वर्गणी कशी गोळा करायची, मालकासमोर मागणीपत्र कसे ठेवायचे, हे मुंबईत शिकलेला माणूस गावी परतताना ते ज्ञानही बरोबर आणणार, हे उघड आहे. दुसरी मांडणी १९ डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीनंतरच्या काळापासून सुरू होते. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने १९३३ च्या श्रमविषयक कायद्याने संपाला बंदी घातली होती आणि स्वतंत्र संघटनांच्या जागी सरकारच्या कह्यातील संस्था उभ्या केल्या होत्या. गोव्यात तर साधी जाहीर सभा घ्यायलाही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी मोडला तो हाच निर्बंध. अशा स्थितीत कामगार संघटना उघडपणे उभी राहणे शक्य नव्हते. शिवाय तेव्हा वीज मोजक्या शहरांपुरती, डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांतून मिळणारी होती आणि त्या कामावरची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

प्रस्तुत नोंदीत दुसरी मांडणी अधिक ग्राह्य धरली आहे. विचार मुंबईहून आला असे मानले, तरी संघटना उभी राहण्यासाठी मोठ्या संख्येने एकत्र काम करणारी माणसे, एक ठरावीक मालक आणि नोंदणीचा कायदा या तिन्ही गोष्टी लागतात, आणि वीज क्षेत्रात त्या १९६२-६३ च्या सुमारास प्रथमच एकत्र आल्या. १९६२ च्या विनियमाने औद्योगिक विवाद अधिनियम (१९४७) आणि किमान वेतन अधिनियम (१९४८) यांसारखे केंद्रीय कायदे गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाला लागू झाले. १९६३ साली वीज खाते स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली पहिले लोकनियुक्त सरकार आले. त्यानंतर खांब आणि तारा गावोगाव पोचू लागल्या, तसा लाइनमन हा गावात ओळखीचा माणूस झाला. गोव्यातील संघटित कामगार चळवळीचा गाभा या काळात खाण आणि मुरगाव बंदर हाच होता. वीज कामगारांनी संघटनेची रीत, घोषणा आणि वकीलसुद्धा बऱ्याच अंशी तेथूनच घेतले असावेत, असे मानण्यास जागा आहे. महाराष्ट्रातील वीज कामगार संघटनांचा, विशेषतः नागपूरला वीज कामगारांमध्ये काम केलेल्या ए. बी. बर्धन (१९२४–२०१६) यांच्या पिढीचा, प्रभावही विचारात घ्यावा लागतो. तथापि तेथील मालक मंडळ होते आणि येथील मालक सरकार, हा भेद नजरेआड करता येत नाही.

सरकारी नोकर की कामगार : वीज खात्यातील कायम कर्मचारी एकाच वेळी दोन कायद्यांच्या छायेत उभा असतो. तो सरकारी नोकर आहे, म्हणून त्याला वर्तणूक नियम लागू पडतात आणि त्यांत संपाला मनाई आहे. त्याच वेळी, लोकांना वीज, प्रकाश किंवा पाणी पुरविणारा कोणताही उद्योग २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या व्याख्येनुसार लोकोपयोगी सेवा ठरे, आणि अशा सेवेत संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागे, नोटिशीनंतर १४ दिवस थांबावे लागे आणि सहा आठवड्यांच्या आत संप करावा लागे. सरकारचे खाते हा ‘उद्योग’ कसा, या आक्षेपाला बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ साली उत्तर दिले. केवळ सार्वभौम स्वरूपाची, म्हणजे फक्त राज्यसत्तेनेच करावयाची, कार्येच व्याख्येबाहेर राहतात, असा त्या निर्णयाचा आशय आहे. वीज विकणे हे सार्वभौम कार्य म्हणता येणार नाही, म्हणून खात्यातील लाइनमन हा कायद्याच्या अर्थाने कामगारच आहे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. परंतु २००३ साली तमिळनाडूतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, असे म्हटले. राज्याचा अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदाही सरकारच्या हाती असतो. या सगळ्याचा परिणाम असा की काळ्या फिती लावणे, दुपारच्या सुटीत वीज खात्याच्या विद्युत भवनासमोर द्वारसभा घेणे, पणजीच्या आझाद मैदानावर धरणे धरणे आणि पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांपुढे समेटाच्या बैठकींना बसणे, या मार्गांना येथे प्रत्यक्ष संपापेक्षा अधिक महत्त्व आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. आता १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन सर्वच औद्योगिक आस्थापनांना आहे. वाटाघाटीचा अधिकार आस्थापनेतील ५१ टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला मिळतो. अनेक छोट्या संघटनांत विखुरलेल्या कामगारांना ही अट जड जाते.

रास्त वेतनाची कल्पना : किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन हे तीन शब्द संघटनांच्या मागणीपत्रांत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण ते समानार्थी नाहीत. १९४८ च्या रास्त वेतन समितीने त्यांची उतरंड लावली: तळाशी किमान वेतन, माथ्यावर निर्वाह वेतन, आणि उद्योगाची देण्याची ताकद पाहून या दोहोंच्या मध्ये ठरणारे ते रास्त वेतन. किमान वेतनाचे मोजमाप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. त्यात कमावता पुरुष १ एकक, स्त्री ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, असे चौघांचे कुटुंब ३ एककांचे धरले. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असा हा हिशेब आहे. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सांगितले. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान मूळ वेतन काढताना याच पद्धतीचा आधार घेतला. गोवा सरकार केंद्राच्या वेतनश्रेणी स्वीकारत असल्याने खात्यातील कायम कामगाराला त्याचा लाभ मिळाला.

या हिशेबाला गोव्याची एक बाजू आहे, ती येथे नोंदवणे अगत्याचे वाटते. वेतन आयोगाच्या आहारसूचीत मासळीचा समावेश आहे, आणि शीत-कढीबरोबर (भात-कालवणाबरोबर) मासळी हे येथील साधे जेवण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात मासळी महागते. नेमके हेच दोन महिने लाइनमनच्या सर्वाधिक कष्टाचे. सरासरी किमतींवर बेतलेला महागाई भत्ता हा ताण पकडू शकत नाही.

कंत्राटी कामगार : चळवळीतील आजचा मुख्य प्रश्न हा आहे. एकाच खांबावर एक माणूस वेतनश्रेणीत आणि दुसरा ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) किमान वेतनात, असे चित्र देशातील बहुतेक वीज यंत्रणांप्रमाणे येथेही दिसते. कंत्राटी कामगार अधिनियम (१९७०) याविषयी तीन गोष्टी सांगत होता. ठेकेदाराने पगार थकवला, तर तो मुख्य मालकाने, म्हणजे ज्याचे काम त्याने, द्यावा. कायम कामगारासारखेच काम असेल, तर १९७१ च्या केंद्रीय नियमांतील नियम २५ प्रमाणे वेतनही तेवढेच असावे, आणि काम ‘सारखेच’ आहे की नाही हे कामगार आयुक्ताने ठरवावे. काम बारमाही आणि एरवी कायम कामगारांकडून होणारे असेल, तर सरकारने तेथील कंत्राटी पद्धत रद्द करावी. यांतील तिसरी तरतूद कागदावर सर्वांत भक्कम होती, पण पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे २००१ साली सर्वोच्च न्यायालयात स्टील अथॉरिटीच्या खटल्यात ठरले. कंत्राट केवळ देखाव्यापुरते असल्याचे सिद्ध केले तरच तो मार्ग उघडा राहिला. सरकारने थेट नेमलेल्या तात्पुरत्या माणसांनाही २००६ च्या उमादेवी निकालाने कायम होण्याचा सरसकट हक्क नाकारला. २०१६ च्या जगजित सिंग निकालाने त्यांना समान कामासाठी किमान समान वेतनश्रेणीचा आधार दिला, पण ठेकेदारामार्फत आलेल्याला तो निकाल सरळ लावता येईलच असे नाही. म्हणून नियम २५ खालचा, दिसायला लहान असा अर्जच संघटनांच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा ठरत आला. हजेरीची पाने, गणवेशातील छायाचित्रे, खात्याच्या अभियंत्याने दिलेले कामाचे आदेश, अशी साधी कागदपत्रे जपून ठेवण्याची शिस्त यामुळे महत्त्वाची ठरते. नव्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० माणसांवर नेली आहे. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास तिने मनाई केली असली, तरी अपवाद बरेच ठेवले आहेत.

सुरक्षितता : वेतनाचा आणि जिवाचा प्रश्न या धंद्यात वेगळे काढता येत नाहीत. सत्तरी किंवा सांगे तालुक्यात आषाढातल्या पावसात माडाची झावळ किंवा फणसाची फांदी ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेवर पडते आणि गाव अंधारात जाते. अशा वेळी कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी उपकेंद्राकडून काम करण्याचे परमिट घ्यायचे, एबी स्विच (खांबावरचा, तारेचा पुरवठा तोडणारा स्विच) उघडून त्याला कुलूप लावायचे, तार मेली आहे की नाही ते टेस्टरने पाहायचे, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने अर्थिंग करायचे, म्हणजे तार जमिनीशी जोडायची, आणि त्यानंतरच कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायचे. दोन्ही बाजूंना अर्थिंग का, याचे उत्तर कुणाच्या तरी घरातील जनित्रात किंवा इन्व्हर्टरमध्ये असते. चेंजओव्हर स्विच नीट नसेल, तर तेथली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून मेलेल्या तारेत येते. हा सगळा क्रम पाळायला किमान दोन माणसे आणि वेळ लागतो. खाली उभे राहायला दुसरा माणूस नसला आणि फोनवर लोकांचा तगादा सुरू असला, की पहिला बळी अर्थिंगचा जातो. किनारपट्टीवर खारे वारे लोखंडी सामान आणि जोड गंजवतात, त्यामुळे तेथे तार तुटण्याचा धोका वेगळा.

हातमोजे, रबरी बूट, सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण, शिडी, अर्थिंगची साधने आणि लाइन टेस्टर पुरवणे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी बंधनकारक केले. २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. हे बंधन काम करणाऱ्या प्रत्येकाबाबत आहे, मस्टर कोणाचा ते पाहून नव्हे, हा मुद्दा संघटनांनी लावून धरला आणि तो निःसंशय योग्य आहे. मृत्यू ओढवल्यास नुकसानभरपाईचा हिशेब मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसारच्या गुणकाने गुणून होतो, आणि त्यासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८, म्हणजे भरपाई १५,५९,८५० रुपये. कागदावर वेतन कमी दाखवले, तर विधवेच्या हाती येणारी रक्कमही त्याच प्रमाणात घटते. वेतनचिठ्ठीचा आग्रह यासाठीच. कामगार राज्य विमा योजनेत विमित असलेल्यांच्या बाबतीत या एकरकमी भरपाईऐवजी आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते.

खासगीकरणाचा प्रश्न : दमण व दीव १९८७ पर्यंत गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होते. तेथील वितरण दादरा व नगर हवेलीसह १ एप्रिल २०२२ पासून एका नव्या कंपनीकडे गेले आणि तिचे ५१ टक्के भाग खासगी समूहाकडे आले. एकेकाळच्या सहप्रदेशात घडलेली ही घटना गोव्यातील कामगारांना दूरची वाटण्याचे कारण नाही. ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकाला देशभरातील वीज कर्मचारी व अभियंत्यांच्या संघटनांनी एकत्रित विरोध केला; ते विधेयक स्थायी समितीकडे गेले. गोव्याचे वीजदर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि कर्मचाऱ्यांवरील खर्च हा त्या दरातील एक घटक असतो. आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणालाही हरकत नोंदवता येते, म्हणून रिक्त पदे न भरता ठेक्याने काम भागवल्याने खर्च खरोखर वाचतो का, हा प्रश्न तेथे आकड्यांनिशी मांडणे संघटनांना शक्य आहे. हा मार्ग अद्याप पुरेसा वापरला गेलेला नाही.

खात्याबाहेरचे कामगार : बार्देश आणि सासष्टीतील इमारती व हॉटेले, तसेच औद्योगिक वसाहतींतील कारखाने, यांमध्ये परवानाधारक विद्युत ठेकेदारांकडे अनेक वायरमन काम करतात. त्यांतील कित्येक फर्मागुढी, म्हापसा, मडगाव येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून आलेले असतात, तर कित्येक परप्रांतांतून आलेले. बांधकामावर असतील तोवर १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाखाली स्थापन झालेल्या कल्याण मंडळात त्यांना नाव नोंदवता येते. बांधकामखर्चावरील १ टक्का उपकरातून या मंडळाचा निधी उभा राहतो. काम संपताच माणसे पांगत असल्याने त्यांची टिकाऊ संघटना उभी राहणे कठीण जाते.