पोलिसांच्या शस्त्रातून चुकून सुटणारी गोळी

पोलिसाच्या हातातल्या, कमरेच्या किंवा साफ करायला घेतलेल्या शस्त्रातून त्याच्या मनात नसताना गोळी सुटणं, ते टाळायचे नियम, आणि कुणाला लागली तर जबाबदार कोण, असा हा विषय.

नेहमीचं एक कारण म्हणजे मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं समजणं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, राऊंड (गोळी) तसाच असतो. कधी क्रम उलटा होतो, आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढून राऊंड बाहेर काढतात आणि मॅगझिन नंतर, तोवर स्लाइडने पुढचा राऊंड आत ढकललेला असतो. ग्लॉक बनावटीचं पिस्तूल साफ करायला खोलायच्या आधी चाप ओढावाच लागतो, त्यामुळे तिथे ही चूक थेट जिवावर बेतते. म्हणून मॅगझिन आधी, मग स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी बघायचं, अंधारात बोट घालून चाचपायचं, आणि नळी पूर्ण वेळ वाळूच्या पेटीकडे.

गोळी झाडायची नसेल तर बोट चापावर नको हा नियम आज सगळीकडे शिकवतात, पण तो कुणी आणला यावर एकमत नाही. बरेच जण अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचं नाव घेतात, पोलिसांत तो साधारण १९७०-८० च्या दशकांत रुजला असावा.

खरा वाद चापाच्या वजनाचा, म्हणजे तो ओढायला किती जोर लागतो याचा. ग्लॉकचा नेहमीचा चाप साडेपाच पौंडांच्या आसपास, न्यूयॉर्क पोलिसांनी मात्र चुकून गोळी सुटू नये म्हणून कित्येक वर्षं सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा ठेवला. जड चापाने नेम बिघडतो आणि भलत्यालाच लागू शकतं अशी टीका त्यावर होत आली. उलट लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात जुनी बेरेटा पिस्तुलं जाऊन हलक्या चापाचं पिस्तूल आलं, तेव्हा अशा घटना २०१२ मधल्या १२ वरून २०१४ मध्ये ३० झाल्या. स्नायूंचे अभ्यासक रॉजर एनोका यांच्या मते दचकणं, तोल जाणं किंवा दुसऱ्या हाताने कुणाला घट्ट धरणं यानेही बोट आपोआप आवळतं. हे पटण्यासारखं आहे, पण त्याने माफी मिळत नाही, कारण बोट मुळात चापावर नसेल तर आवळून काहीच होत नाही.

ब्रुकलिनमध्ये २०१४ साली अंधाऱ्या जिन्यात एका नवख्या पोलिसाची गोळी भिंतीवर आपटून एका निःशस्त्र माणसाला लागली आणि तो गेला. ज्युरींनी तो जड चाप स्वतः ओढून बघितला आणि पोलिसाला दोषी धरलं, न्यायाधीशांनी मात्र २०१६ मध्ये गुन्हा सौम्य करून पाच वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं) आणि ८०० तास समाजसेवा दिली. टेझरऐवजी (विजेचा झटका देणारं साधन) चुकून पिस्तूल काढल्याचा बचाव झालेल्या ओकलंड (२००९) आणि मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर (२०२१) इथल्या खटल्यांत शिक्षा दोन-दोन वर्षांची झाली.

भारतात निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, कमाल शिक्षा पाच वर्षं, जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ती दोनच होती. सोबत खात्याअंतर्गत चौकशी, आणि काही प्रकरणांत खटल्याआधी सरकारी परवानगीचा प्रश्न. बॅलिस्टिक तज्ज्ञ चापाचं वजन आणि सेफ्टी तपासून देतात, पण होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं कमरेचं म्यान) कसलं दिलं होतं आणि शेवटचा सराव कधी घेतला हेही तपासात यायलाच हवं, नाहीतर सगळं एकट्या शिपायावर येतं आणि वरचे सुटतात.