फुलपाखराचा पावसाळी रंग आणि उन्हाळी रंग

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या भातशिवारात दिवे लागणीला जमिनीलगत धडपडत उडणारं एक तपकिरी फुलपाखरू दिसतं. शास्त्रीय नाव मेलॅनिटिस लेडा. त्याची अळी भाताच्या पातीवर जगते. श्रावणात त्याच्या मिटलेल्या पंखांवर पिवळ्या कडीचे ठळक डोळे असतात. सुगी उरकल्यावरच्या पिढीत डोळ्यांचे नुसते ठिपके उरतात आणि पंख थेट वाळलं पान होतो, मधल्या शिरेसकट!

एकाच फुलपाखराच्या अशा दोन हंगामी रूपांनी भल्याभल्यांना चकवलं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये जुनोनिया प्रजातीतल्या एकाच फुलपाखराच्या कोरड्या हंगामातल्या रूपाला 'अल्माना' आणि पावसाळी रूपाला 'अ‍ॅस्टेरी' म्हटलं. जाती दोन झाल्या. अशी काही रूपं एकाच जातीची आहेत, हे 1880 च्या दशकात कोलकात्यात लायोनेल द निसेव्हिल यांनी अळ्या वाढवून दाखवलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शेजारच्या कारवार भागात डेव्हिडसन, बेल आणि साताऱ्यात जन्मलेले एटकेन हे सरकारी अधिकारी नोकरी सांभाळून अळ्या पाळत, नोंदी ठेवत. आपल्या भागातल्या फुलपाखरांची जुनी माहिती बरीचशी या हौशी मंडळींमुळेच आहे.

रंगाचा उष्णतेशी संबंध मात्र थंड मुलखात उलगडला. अमेरिकेतल्या वॉर्ड वॉट यांनी 1968 मध्ये दाखवलं, की डोंगरातल्या कोलियास फुलपाखरांच्या पंखांची खालची बाजू जितकी गडद, तितकं अंग उन्हात लवकर तापतं. नेदरलँड्समध्ये दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यांत काळ्यांचं प्रमाण 1980 ते 2004 दरम्यान हवा तापत गेली तसं घटलं.

आपल्याकडे हे गणित जसंच्या तसं बसत नाही. इथे रंग ऊब मिळवण्यापेक्षा लपायला जास्त कामी येतो, आणि तापमान त्याला येणाऱ्या हंगामाची वर्दी देतं. मेलॅनिटिसच्या आफ्रिकी भाऊबंदाच्या, बायसायक्लसच्या, अळ्या 27 अंशांच्या आसपास वाढवल्या तर मोठे डोळे येतात. 20 च्या खाली ते जवळपास पुसले जातात. अळीच्या अंगातली संप्रेरकं हा निरोप पंखापर्यंत नेतात. म्हणजे पाऊस वेळेवर संपला आणि गारवा मात्र उशिरा आला, तर भोवती गवत वाळलेलं आणि पंखांवर पावसाळी डोळे, असा घोळ होऊ शकतो. पाचोळ्यातले असे डोळे सरड्या-पाखरांच्या नजरेतून सुटत नाहीत.