‘कामाला लावणं’ एकच, अर्थ दोन

२००७ साली न्यूयॉर्कमधल्या एका माणसाला राज्याच्या लॉटरीत दहा हजार डॉलर लागले. हातात मात्र निम्मेच आले. उरलेले निम्मे राज्याने परस्पर कापून घेतले, कारण हा माणूस पूर्वी काही वर्षं सरकारी मदतीवर होता आणि दिलेली मदत लॉटरीच्या बक्षिसातून वसूल करण्याची तरतूद तिथल्या कायद्यात होती. त्याने दावा लावला. त्याचं म्हणणं असं की ती मदत मी बसून खाल्लेली नाही, त्या काळात आठवड्याला पस्तीस तास काम केलंय. मग ते पैसे उसने कसे? तो तर माझा पगार. खटला वरपर्यंत गेला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ठरवलं की किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्यापुरता तो कामगारच होता, आणि कष्टाचं किमान वेतन राज्याला असं परत घेता येणार नाही.

काम केलं ते कामच होतं, एवढं ठरवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. नोकरी लागलेल्या माणसावर ही वेळ येत नाही. त्याच्या हातात पगाराची चिठ्ठी असते आणि तिच्यावर मालकाचं नाव असतं.

मराठीत आपण दोन्हीला ‘कामाला लावणं’ म्हणतो. ‘मामांनी त्याला कारखान्यात कामाला लावलं’ म्हणजे नोकरी मिळवून दिली, त्याचं भलं केलं. ‘नुसता बसला होता, त्याला कामाला लावलं’ म्हणजे राबवलं. अमेरिकेतल्या मदतीच्या योजनांबद्दल आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं तेव्हा हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळतात. तिथेही मिसळतात, आणि मिसळायला तिथला कायदाच कारणीभूत आहे. त्या कायद्याकडे येतोच, आधी दोन्ही गोष्टी नीट बघू.

पहिली म्हणजे प्लेसमेंट, नोकरी लावून देणं. रोख मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातली आई (ही बहुतेक कुटुंबं एकट्या आईचीच असतात) कार्यक्रमात येते. तिला नोकरी शोधायला शिकवतात, अर्ज लिहून घेतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, मालकांशी गाठ घालून देतात. यशाची व्याख्या एकच: बाहेरच्या एखाद्या मालकाने तिला स्वतःच्या पैशाने पगारावर ठेवलं पाहिजे. नोकरी लागली की मदत हळूहळू कमी होते किंवा बंद होते.

दुसरी म्हणजे वर्कफेअर. इथे मदत चालूच राहते, पण तिच्या बदल्यात ठरावीक तास काम करावं लागतं. बागेची झाडलोट, सरकारी कचेरीतली फायलींची लावालाव, एखाद्या सेवाभावी संस्थेचं स्वयंपाकघर. पगार नाही. आई कुणाची नोकर नसते, ती मदत ‘फेडत’ असते. न्यूयॉर्क शहरात १९९० च्या दशकात हजारो माणसं अशा तऱ्हेने बागा आणि रस्ते झाडत होती. लॉटरीवाल्या माणसाने त्याच कार्यक्रमात तास भरले होते.

वर्कफेअरमधले तास कसे ठरतात ते एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. रोख मदत आणि फूड स्टँपची (अन्नधान्य घेण्यासाठीच्या सरकारी मदतीची) रक्कम एकत्र करायची आणि किमान वेतनाने भागायची. समजा एका कुटुंबाला महिन्याला ४०० डॉलर रोख आणि ३०० डॉलरचे फूड स्टँप मिळतात. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. ७०० ला ७.२५ ने भागलं की साधारण ९६ तास येतात, म्हणजे आठवड्याला बावीसेक. या भागाकारात बाईला काय येतं हे कुठेच नाही. ती दहा वर्षं हिशेब लिहीत होती की कधीच घराबाहेर पडली नव्हती, उत्तर तेच. आणि तिने कितीही चोख काम केलं तरी महिन्याच्या शेवटी रक्कम तीच. मला या दोन गोष्टींतला खरा फरक या भागाकारात दिसतो. प्लेसमेंटमध्ये पहिला प्रश्न ‘तुला काय येतं?’ असा असतो. वर्कफेअरमध्ये ‘तुझ्याकडून किती येणं आहे?’ असा.

प्लेसमेंट आतून कशी चालते ते बघायचं तर ‘जॉब क्लब’ बघावा. ही कल्पना १९७० च्या दशकात नेथन अझ्रिन या वर्तन-मानसशास्त्रज्ञाने मांडली. नोकरी शोधणं हेच पूर्ण दिवसाचं काम समजायचं, आणि ते एकट्याने न करता गटाने करायचं, हा तिचा गाभा. एक खोली, टेबलांवर ओळीने फोन, शेजारी व्यवसायांची सूची. प्रत्येकाने दिवसात ठरावीक फोन करायचेच. काय बोलायचं ते आधी लिहून काढलेलं, पहिल्या वाक्यात नाव, दुसऱ्यात काय येतं, तिसऱ्यात ‘भेटायला कधी येऊ?’ शेजारी बसलेली बाई दुसऱ्या फोनवरून ऐकते आणि नंतर सांगते की तू फार लवकर ‘बरं, थँक यू’ म्हणून फोन ठेवलास. एखादीला ऐकू आलेली जागा स्वतःच्या कामाची नसेल तर ती दुसरीला सांगायची. नकार रोजच येतात, पण खोलीतल्या सगळ्यांनाच येत असल्याने ते एकटीला लागत नाहीत. पुढे मदतीवरच्या कुटुंबांच्या कार्यक्रमांत जॉब क्लब हा जवळजवळ ठरलेला भाग झाला. फोनची जागा आता संगणकाने घेतली असली तरी रचना तीच आहे.

आता तो कायदा. १९३५ पासून चालत आलेली गरीब कुटुंबांची रोख मदत ऑगस्ट १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीने बदलली आणि ‘टॅनफ’ ही नवी व्यवस्था आली. केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात साठ महिन्यांची मर्यादा आली, आणि राज्यांना सांगण्यात आलं की मदतीवरच्या कुटुंबांपैकी निदान निम्मी ‘कामाच्या उपक्रमात’ दाखवा. दाखवायचं म्हणजे तासांनी. साधारणपणे आठवड्याला ३० तास, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या एकट्या आईला २०. आणि या उपक्रमांच्या यादीत पगाराची नोकरी, अनुदानित नोकरी, बिनपगारी कामाचा अनुभव, समाजसेवा, नोकरीचा शोध अशा सगळ्या गोष्टी एकाच रांगेत बसवल्या आहेत. हजेरीच्या तक्त्यात पगारावर रुजू झालेली बाई आणि बिनपगारी बाग झाडणारी बाई सारख्याच दिसतात. गोंधळाचं मूळ इथे आहे.

त्यातही एक बारीक मेख आहे. नोकरी शोधण्याचा काळ या तासांत धरायला मर्यादा आहे: वर्षाकाठी साधारण सहा आठवडे (बेकारी फार असेल तर बारा), आणि सलग चारपेक्षा जास्त नाहीत. बिनपगारी कामाला अशी मुदत नाही. म्हणजे जॉब क्लबमध्ये पाचव्या आठवड्यात बाईची मुलाखत रंगात आली असेल, तरी कचेरीच्या तक्त्याला ती आता बागेत हवी असते. केसवर्कर (कुटुंबाचं प्रकरण सांभाळणारी कचेरीतली बाई) कितीही कळवळ्याची असली तरी तिच्यावर त्या तक्त्याचा दाब असतोच. तास भरले नाहीत तर मदत कापली जाते, बहुतेक राज्यांत सगळ्या कुटुंबाची मदत थांबू शकते. मुलाला ताप आला म्हणून चुकलेला दिवसही तिने वेळेत कागद देऊन सिद्ध करावा लागतो.

पैशाच्या बाबतीतला फरक पहिल्या महिन्यात कळत नाही, वर्ष संपताना कळतो. अमेरिकेत कमी कमाईच्या कुटुंबांना कर विवरण भरल्यावर सरकारकडून मोठी रक्कम मिळते, ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’. २०२४ च्या कमाईवर दोन मुलं असलेल्या कुटुंबाला ती जास्तीत जास्त ६,९६० डॉलर होती. अट अशी की पैसा कमावलेला हवा. टॅनफच्या बिनपगारी कामापोटी मिळणारी मदत ही कमाई नाही, असं करकायदा स्पष्ट म्हणतो. त्यामुळे तेवढेच तास, तोच झाडू, पण एकीला ही रक्कम आणि दुसरीला काहीच नाही. एकीकडे न्यायालय म्हणतं की तो कामगार आहे, दुसरीकडे करखातं म्हणतं की ही कमाई नव्हे. एकाच तऱ्हेच्या बिनपगारी कामाबद्दल.

अनुभव काय सांगतो? हे प्रश्न अमेरिकेत पोटतिडकीने मोजले गेले आहेत, आणि त्यासाठी तिथल्या संशोधकांचे आभार मानायला हवेत. एमडीआरसी या संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात वर्कफेअरचे अभ्यास केले. बिनपगारी कामामुळे पुढे नोकरी लागते किंवा कमाई वाढते याचा फारसा पुरावा मिळाला नाही. पण त्याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना मदतीच्या बदल्यात काम करावं लागणं अन्यायाचं वाटत नव्हतं. त्यांना कामाची लाज नव्हती, कंटाळाही नव्हता. मात्र या व्यवहारात फायदा कचेरीचाच जास्त होतो, आपल्याला कमी मोबदला मिळतो, असंही त्यांतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं. आळसाची जी गोष्ट मदतीवरच्या माणसांबद्दल सतत सांगितली जाते तिला यापेक्षा सरळ उत्तर नाही.

प्लेसमेंट म्हटलं की सगळं गोड, असंही समजू नये. तिच्या पोटात आणखी एक गल्लत आहे: मिळेल ती नोकरी की टिकेल ती नोकरी? कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड जिल्ह्यात संदेश ठाम होता, कुठलीही नोकरी चांगलीच, आधी घ्या. तिथे तीन वर्षांतली कमाई तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेर ठेवलेल्या गटापेक्षा ४९ टक्क्यांनी वाढली आणि देशभर रिव्हरसाइडचा बोलबाला झाला. मग ओरेगनमधल्या पोर्टलंडने थोडा वेगळा रस्ता धरला. तिथेही भर नोकरीवरच, पण कर्मचारी सांगत की पूर्णवेळ, किमान वेतनापेक्षा जास्त पगाराची, आरोग्यविमा देणारी, वर चढायला वाव असलेली जागा शोधा, आणि त्यासाठी लागलं तर आधी थोडं प्रशिक्षण घ्या. सात ठिकाणचे अकरा कार्यक्रम आणि चाळीस हजारांहून जास्त माणसं अशी पाच वर्षं तुलना झाली, त्यात पोर्टलंड सर्वांत पुढे राहिलं. कमाई वाढली आणि नोकऱ्याही टिकल्या. त्याच तुलनेतला कडू भागही सांगायला हवा: बहुतेक ठिकाणी पगार जितका वाढला तितकी मदत कमी झाली, आणि घरातला एकूण पैसा जवळजवळ तिथेच राहिला. मिनेसोटा राज्याने १९९० च्या दशकात नोकरी करणाऱ्यांना मदतीचा मोठा हिस्सा राखू दिला, तेव्हाच तिथली गरिबी खऱ्या अर्थाने हलली.

शिवाय बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंट खासगी संस्थांकडे दिलेली असते आणि त्यांना पैसे मिळतात ते माणूस नोकरीत काही महिने टिकल्यावर. हे चांगलं वाटतं आणि बऱ्याच अंशी आहेही, पण मग जिला सहज नोकरी लागेल तिच्यावरच मेहनत करावी, असा मोह होतो. शिक्षण अर्धवट, घरी आजारी मूल, गाडी नाही, अशी बाई मागे राहते.

दोन्हींच्या मधोमध अनुदानित नोकरी आहे आणि तिचीही गल्लत वर्कफेअरशी होते. इथे मालक खरा असतो, पगाराची चिठ्ठी खरी असते, फक्त पगाराचा काही भाग किंवा सगळाच भाग काही महिने सरकार भरतं. २००९ च्या मंदीत केंद्राने यासाठी आपत्कालीन निधी दिला आणि सप्टेंबर २०१० मध्ये तो संपेपर्यंत साधारण २,६०,००० लोकांना अशा नोकऱ्या मिळाल्या. जागाच नाहीत तेव्हा जॉब क्लबच्या फोनचा उपयोग नसतो, आणि बाग झाडून अर्जात लिहिण्यासारखं फार काही मिळत नाही. तिथे हा मार्ग कामी येतो.

आपल्याकडची रोजगार हमीही यात ओढू नये. तिथे माणूस काम मागतो आणि केलेल्या कामाची मजुरी घेतो. मदत फेडण्याचा प्रश्नच येत नाही.

न्यूयॉर्क शहराने आपला वर्कफेअर कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचं २०१४ मध्ये जाहीर केलं. इतरत्र बिनपगारी कामाचे तास अजूनही त्याच यादीत आहेत. म्हणून अशा एखाद्या कार्यक्रमाची बातमी वाचताना त्याच्या नावावर जाऊ नये, नावं दोन्हीकडे सारखीच उमेदीची असतात. महिनाअखेरीस पैसे कोण देतं ते बघावं. मुलाखतीचं बोलावणं आलं तर त्या दिवशीचे तास माफ होतात की नाही ते विचारावं. आणि तिथे रुजू झालेली बाई सहा महिन्यांनी कुठे असते, हे तो कार्यक्रम चालवणाऱ्यांना सांगता येतं का, तेही.