आरोग्य तंत्रज्ञानातली नैतिकता आणि जबाबदार इनोव्हेशन (पीएचडी संशोधन)

एखादं मेडिकल मशीन, अ‍ॅप किंवा एआय अजून बनतंय तेव्हाच त्याने कोणाचं भलं होणार आणि कोण मागे राहणार हे शोधायचं, असं हे पीएचडीचं क्षेत्र. यात डॉक्टर, इंजिनिअर, तत्त्वज्ञानवाले, समाजशास्त्रवाले सगळेच येतात.

मूळ पेच तंत्रज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी 1980 मध्ये मांडला, सुरुवातीला तंत्रज्ञान बदलणं सोपं असतं पण परिणाम माहीत नसतात, आणि परिणाम कळेपर्यंत ते इतकं रुळतं की बदलायला कोणी तयार होत नाही. 2013 मध्ये स्टिलगो, ओवेन आणि मॅकनॅटन या संशोधकांनी त्यावर जबाबदार इनोव्हेशनच्या चार गोष्टी सांगितल्या: पुढचं ओळखणं, आपली गृहीतकं तपासणं, लोकांना सामील करून घेणं आणि जे कळलं त्याप्रमाणे खरंच बदलणं. शेवटची सगळ्यात अवघड, कारण तोवर पैसा लागलेला असतो.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण थायलंडचं. गुगलच्या एआयने डायबेटिसमुळे होणारा डोळ्यांचा आजार लॅबमध्ये तज्ज्ञांइतका छान ओळखला, पण तिथल्या सरकारी क्लिनिकमध्ये डोळ्याचा फोटो काढायला लागणारी अंधारी खोली कुठे असते कुठे नसते, त्यामुळे फोटो नीट येईनात आणि 1838 पैकी साधारण 21 टक्के फोटो सिस्टिमने नाकारलेच. फोटो नाकारला की, नर्सला त्यात सगळं ठीक दिसतंय तरी पेशंटला दुसऱ्या दिवशी लांबच्या हॉस्पिटलला पाठवायचं, त्याची रोजी बुडणार, वर नेट इतकं स्लो की लाईन वाढतच जाते. हे 2020 मध्ये छापून आलं, आणि माझ्या मते अशी निरीक्षणं अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा जास्त मोलाची आहेत.

पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच. 2020 च्या अमेरिकन अभ्यासात रीडिंग 92 ते 96 असूनही रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली निघाला, असं गोऱ्या पेशंटमध्ये 3.6 टक्के वेळा आणि कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के वेळा झालं. कोविडच्या लाटेत आपल्याकडे घरोघरी याच आकड्याकडे बघून दवाखान्यात पळायचं की नाही ते ठरत होतं, म्हणून सावळ्या त्वचेवर तपासणी झाली का हा प्रश्न आपलाही आहे.

भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटच्या भाषेतलं संमतीपत्र तर लागतंच, पण ती फक्त सुरुवात, चांगल्या प्रबंधाचा बराच वेळ नर्स, टेक्निशियन, आशाताई यांच्यासोबत बसून मशीन रोज कुठे अडतं ते बघण्यात जातो.